अष्टपैलूची पाठ का मोडते? शेन वॉटसनच्या कारकिर्दीतून एक उत्तर

डिसेंबर २०२५ मध्ये आयपीएलच्या लिलावात कोलकात्यानं कॅमेरून ग्रीनवर २५ कोटी २० लाखांची बोली लावली. परदेशी खेळाडूवर तोवर एवढी मोठी बोली कुणीच लावली नव्हती. ग्रीन ऑस्ट्रेलियाचा अष्टपैलू, साडेसहा फूट उंच. त्याच्या कमरेच्या मणक्यांना शस्त्रक्रियेनं बसवलेल्या स्क्रूंचा आधार आहे. पंचविशी गाठेपर्यंत त्याच्या पाठीचं हाड पुन्हा पुन्हा तडकलं होतं. लिलावानंतर कट्ट्याकट्ट्यावर एकच प्रश्न ऐकू येत होता: या काचेच्या माणसावर एवढा पैसा कशाला?

प्रश्न आपल्या घरचाही आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये दुबईत हार्दिक पंड्याला स्ट्रेचरवरून मैदानाबाहेर न्यावं लागलं आणि पुढच्या वर्षी लंडनमध्ये त्याच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली. जसप्रीत बुमराच्या पाठीनं २०१९ मध्ये दगा दिला, २०२२ मध्ये पुन्हा दिला, मग २०२३ मध्ये न्यूझीलंडला जाऊन शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. दर वेळी बातमीत 'स्ट्रेस फ्रॅक्चर', 'वर्कलोड' असे शब्द येतात आणि वाचणाऱ्याच्या हाती फार काही लागत नाही.

हे समजून घ्यायला ऑस्ट्रेलियाचाच आधीचा अष्टपैलू शेन वॉटसन याच्यासारखं उदाहरण नाही. ग्रीन अजून खेळतोय, त्याचा शेवट आपल्याला ठाऊक नाही. वॉटसनची कारकीर्द मात्र पूर्ण झाली आहे. ती सुरुवातीपासून नीट पाहिली की माझ्या मते एक गोष्ट स्वच्छ दिसते. वॉटसनचं शरीर नाजूक नव्हतं, त्यानं पत्करलेलं कामच हाडं मोडणारं होतं. ज्या काळात ते काम कमी झालं, त्या काळात तो टिकला.

## स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणजे काय?

झाडावरून पडून हात मोडतो तेव्हा एकच मोठा आघात होतो आणि हाड तुटतं. स्ट्रेस फ्रॅक्चर तसं होत नाही. लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण तीच उलटसुलट वाकवत राहिलात की एका क्षणी हातात दोन तुकडे येतात. शेवटचा हिसका पहिल्या हिसक्याइतकाच असतो. फरक एवढाच की आधीच्या सगळ्या हिसक्यांनी आतून तार थकलेली असते. हाडाचंही असंच होतं: लहान, सोसण्याजोगे ताण हजारो वेळा पडून त्यात बारीक तडा जातो.

पण हाड जिवंत असतं, तार नसते. हाड स्वतःची डागडुजी सतत करतं, आणि सगळी मेख या डागडुजीच्या वेगात आहे. ज्या जागी ताण पडतो तिथलं जुनं, थकलेलं हाड शरीर आधी खरवडून काढतं. याला दोन-तीन आठवडे पुरतात. त्या खड्ड्यात नवं हाड भरून ते घट्ट व्हायला मात्र तीन-चार महिने लागतात. महापालिकेनं रस्ता खणून ठेवावा, डांबर पडायला अवकाश असावा आणि तोवर ट्रकांची ये-जा थांबूच नये, तसा हा मधला काळ असतो. त्या काळात हाड नेहमीपेक्षा कमजोर असतं. खेळाडूला ते जाणवत नाही. तो आणखी ताकदीनं चेंडू टाकतो आणि खणलेला रस्ता खचतो.

वेगवान गोलंदाजाच्या बाबतीत हा रस्ता बहुतेक वेळा कमरेच्या सगळ्यात खालच्या दोन मणक्यांत असतो. प्रत्येक मणक्याला मागच्या बाजूनं हाडाची कमान असते. त्या कमानीत दोन्ही बाजूंना एक अरुंद पट्टी असते, तिला डॉक्टर 'पार्स' म्हणतात. तडा जातो तो या पट्टीला. उजव्या हातानं टाकणाऱ्याची बहुधा डावीकडची पट्टी तडकते, डावखुऱ्याची उजवीकडची.

## एका चेंडूत पाठीवर काय गुदरतं?

गोलंदाज धावत येतो, उडी घेतो आणि पुढचा पाय जमिनीवर आपटतो. त्या क्षणी जमीन त्याच्या शरीराला जो उलट दणका देते तो शरीराच्या वजनाच्या पाच ते सात पट असू शकतो. नव्वद किलोचा माणूस धरला तर साडेचारशे ते सहाशे किलोंच्या आसपास. गुडघा ताठ ठेवला तर वेग वाढतो, पण दणकाही थेट वर कमरेकडे जातो. नेमक्या त्याच क्षणी पाठ मागे वाकलेली असते, एका बाजूला झुकलेली असते आणि पिळलीही जात असते. ओला टॉवेल पिळताना आपण जे करतो तेच, पण सेकंदाच्या दहाव्या हिश्शात आणि टनाच्या निम्म्या भाराखाली.

हा पीळ किती बसतो ते शैलीवर ठरतं. काही गोलंदाज चेंडू टाकताना फलंदाजाला खांदा दाखवतात, ती साइड-ऑन शैली. काही छाती दाखवतात, ती फ्रंट-ऑन. दोन्हींत कंबर आणि खांदे साधारण एका दिशेनं राहतात. धोकादायक असते ती मिश्र शैली: कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे, आणि दोन्हींच्या मध्ये अडकलेले मणके. म्हणूनच तरुण गोलंदाजाची पाठ दुखू लागली की प्रशिक्षक आधी त्याच्या कंबर-खांद्यांकडे पाहतात.

यात वयाचाही भाग आहे. कमरेचे मणके पूर्ण पक्के व्हायला विशी उलटावी लागते, कुणाचे पंचविशीपर्यंत घट्ट होत असतात. म्हणजे माणूस अंगानं, ताकदीनं, वेगानं पूर्ण वाढलेला दिसतो आणि त्याच्या पाठीचं हाड अजून शिकाऊ असतं. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज पॅट कमिन्स यानं नोव्हेंबर २०११ मध्ये जोहान्सबर्गला पहिली कसोटी खेळली तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. त्यानं दुसऱ्या डावात सहा बळी घेतले, सामनावीर ठरला, आणि पुढची कसोटी खेळला ती थेट मार्च २०१७ मध्ये रांचीला. मधली पाच वर्षं मुख्यतः पाठीच्या तड्यांनी खाल्ली.

## वॉटसनची पहिली सात वर्षं

शेन वॉटसनचा जन्म १७ जून १९८१ चा, क्वीन्सलँडमधल्या इप्सविचचा. धिप्पाड, सरळ बॅटनं मारणारा, १४० किलोमीटरच्या आसपास चेंडू टाकू शकणारा. २००२ मध्ये, विशीत, तो ऑस्ट्रेलियाच्या एकदिवसीय संघात आला. २००३ च्या विश्वचषकात त्याची जागा जवळपास नक्की होती. पण पाठीत स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं आणि त्याच्याशिवाय संघानं विश्वचषक जिंकला. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. अपक्व मणके आणि मोठा वेग एकत्र आले की काय होतं, त्याचं हे पुस्तकी उदाहरण.

जानेवारी २००५ मध्ये सिडनीला पाकिस्तानविरुद्ध त्यानं कसोटी पदार्पण केलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये तिथला अष्टपैलू अँड्र्यू फ्लिंटॉफ यानं एका अॅशेस मालिकेत, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकेत, ४०२ धावा काढल्या आणि २४ बळी घेतले. ऑस्ट्रेलिया हरली. मग त्या देशात 'आपला फ्लिंटॉफ कुठाय?' हा ध्यासच सुरू झाला आणि सगळ्यांची बोटं वॉटसनकडे वळली. नोव्हेंबरमध्ये ब्रिस्बेनला वेस्ट इंडिजविरुद्धच्या कसोटीत क्षेत्ररक्षण करताना त्याचा खांदा निखळला. मोसम गेला.

पुढचं वर्ष मुंबईकरांना आठवत असेल. ५ नोव्हेंबर २००६, ब्रेबॉर्न स्टेडियम, चॅम्पियन्स ट्रॉफीची अंतिम लढत. वॉटसन सलामीला आला आणि नाबाद ५७ धावा करून ऑस्ट्रेलियाला ती ट्रॉफी पहिल्यांदा मिळवून दिली. तीन आठवड्यांच्या आत मायदेशात अॅशेस सुरू व्हायची होती. मांडीचा मागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, दुखावला आणि अख्खी मालिका त्याला बाहेरून पाहावी लागली. ऑस्ट्रेलियानं ती ५-० अशी जिंकली. मला वाटतं त्याच्या कारकिर्दीतला हा सर्वांत बोचरा काळ असावा. संघ इतिहास घडवतोय, आपण पंचविशीत आहोत, आणि पाय टाकवत नाही.

२००८ मध्ये पहिली आयपीएल झाली. त्यात तो राजस्थानकडून खेळला, ४७२ धावा, १७ बळी, स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू. अंतिम सामना नव्या मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमवर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो भारतात कसोटी मालिका खेळला, लांब लांब स्पेल, म्हणजे एका टोकाकडून सलग बरीच षटकं, टाकले, आणि वर्ष संपायच्या आत पाठीत पुन्हा स्ट्रेस फ्रॅक्चर.

हा क्रम जरा थांबून पाहा. टी-ट्वेंटीत दिवसाला जास्तीत जास्त २४ चेंडू, मग काही महिन्यांत कसोटीतले दिवसाला शंभर-सव्वाशे. शरीराला हीच उडी सगळ्यात जास्त नडते.

## 'वर्कलोड'चं गणित दिवे घाटात

पालखीसोबत पुण्याहून सासवडला जाणारा टप्पा दिवे घाटातून जातो आणि तो वारीतल्या सगळ्यात लांब टप्प्यांपैकी आहे. रोज शेतात दहा-बारा किलोमीटर चालणारा माणूस तो टप्पा पार करून संध्याकाळी भजनात उभा राहतो. वर्षभर खुर्चीत बसणारा माणूस त्याच टप्प्यानंतर दोन दिवस पाय टेकवू शकत नाही. अंतर एकच, पण दोघांची सवय निराळी.

वर्कलोड म्हणजे हेच. एका आठवड्यात किती चेंडू टाकले हा आकडा एकटा फारसं सांगत नाही. गेल्या महिनाभराच्या सरासरीच्या तुलनेत तो किती वाढला, ते पाहायचं असतं. हाडाची डागडुजी हळू चालते, त्यामुळे या वाढीचा फटका लगेच बसत नाही, तीन-चार आठवड्यांनी बसतो. खेळाडू म्हणतो, मागच्या महिन्यात एवढी गोलंदाजी केली तरी काही झालं नाही, आज चार षटकं टाकली आणि पाठ गेली. पाठ आज गेली, पण खणायला मागच्या महिन्यात सुरुवात झाली होती.

यातून उलटी वाटावी अशी एक गोष्ट निघते. फार विश्रांतीही धोक्याची. महिनोन् महिने थोडीच गोलंदाजी केली की हाड त्या थोड्यालाच सवयीचं होतं, मग कसोटी आली की नेहमीचंच काम त्याला जड जातं. म्हणूनच 'बुमराला आराम द्या' आणि 'बुमराला नेटमध्ये टाकत ठेवा' ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात.

## त्यात अष्टपैलू असणं

गोलंदाज दिवसभर टाकतो, मग त्याच्या संघाची फलंदाजी आली की पाय वर करून पडतो. फलंदाज तासन् तास खेळतो, मग स्लिपमध्ये उभा राहतो. अष्टपैलूला हा पाय वर करायचा वेळच मिळत नाही.

वॉटसननं तर त्यात आणखी भर घातली. २००९ पासून तो कसोटीत सलामीला येऊ लागला. कसोटीत दोन डावांच्या मध्ये दहा मिनिटं असतात. समोरच्या संघाचा शेवटचा बळी पडला, त्या डावात आपण पंधरा-वीस षटकं टाकलीत, आता दहा मिनिटांत पॅड बांधून नव्या चेंडूसमोर उभं राहायचं. असं काम कसोटीत फार थोड्यांनी केलंय. थकलेला स्नायू सांध्याला आणि हाडाला नीट सांभाळू शकत नाही. मग जो दणका एरवी मांडी, पार्श्वभाग आणि पोटाचे स्नायू पचवतात, तो सरळ मणक्यावर जातो.

## "जिममध्ये फार वजनं उचलली म्हणून झालं"

वॉटसनची अंगकाठी बॉडीबिल्डरसारखी होती, त्यामुळे हा आक्षेप ऑस्ट्रेलियात खूप घेतला गेला. यात निम्मं तथ्य आहे. मोठे स्नायू म्हणजे सुरक्षित पाठ असं नव्हे. छाती आणि दंड दिसायला भारी असतात, पण चेंडू टाकताना मणक्याला धरून ठेवतात ते पोटातले आणि कमरेतले खोलवरचे लहान स्नायू. चांगल्या बांधकामात भिंती जाड असून भागत नाही, आतली सळई नीट बांधलेली लागते.

२००८ च्या फ्रॅक्चरनंतर वॉटसननं ब्रिस्बेनमध्ये फिजिओच्या मदतीनं व्यायामाची घडीच बदलली. जड वजनं मागे पडली, पिलाटेससारखा, आतल्या स्नायूंना ताब्यात आणणारा व्यायाम पुढे आला. परिणाम पाहण्यासारखा आहे. २००९ च्या अॅशेसमध्ये तिसऱ्या कसोटीपासून त्याला सलामीला पाठवलं आणि पहिल्या तीन डावांत त्यानं तीन अर्धशतकं केली. त्या मालिकेत त्याच्याकडून गोलंदाजी जवळजवळ करूनच घेतली नाही, हेही लक्षात ठेवा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या चॅम्पियन्स ट्रॉफीत उपांत्य आणि अंतिम, दोन्ही सामन्यांत नाबाद शतकं. डिसेंबरमध्ये मेलबर्नला एका डावात ९३ वर धावबाद आणि दुसऱ्यात नाबाद १२०. कसोटीतलं पहिलं शतक, पदार्पणानंतर जवळपास पाच वर्षांनी. २०१० आणि २०११, सलग दोन वर्षं त्याला अॅलन बॉर्डर पदक मिळालं. ऑस्ट्रेलियन क्रिकेटपटूला त्याच्या देशात मिळणारा हा सर्वांत मोठा सन्मान. एप्रिल २०११ मध्ये ढाक्यात एकदिवसीय सामन्यात त्यानं बांगलादेशविरुद्ध नाबाद १८५ धावा काढल्या, त्यात १५ षटकार.

जो माणूस सात वर्षं काचेचा म्हणून हिणवला गेला, तो दोन वर्षं देशाचा सर्वोत्तम खेळाडू होता. शरीर तेच होतं. बदलली ती त्याची बांधणी आणि कामाची वाटणी.

## केपटाऊन, आणि रफू केलेलं कापड

नोव्हेंबर २०११, केपटाऊन. वॉटसननं पाच षटकांत १७ धावा देऊन ५ बळी घेतले आणि दक्षिण आफ्रिका ९६ मध्ये आटोपली. त्याच दिवशी ऑस्ट्रेलिया ४७ धावांत गारद झाली, म्हणून त्या सामन्याची आठवण निघते ती ४७ चीच. पण त्या पाच षटकांइतकी सुंदर गोलंदाजी वॉटसननं क्वचितच केली असेल. त्याच दौऱ्यात हॅमस्ट्रिंग दुखावला आणि मायदेशात न्यूझीलंड व भारताविरुद्धच्या कसोटी मालिका हुकल्या. पुढच्या वर्षी पोटरी. डिसेंबर २०१२ मध्ये मेलबर्नला पुन्हा पोटरी.

पाठ सांभाळली तर आता पाय का जातात? स्नायू फाटला की शरीर तो जोडतं, पण जोडलेली जागा मूळ धाग्याइतकी लवचीक नसते. जुन्या शर्टाला रफू केलं की तो पुढच्या वेळी रफूच्या कडेनं फाटतो, तसं. शिवाय एक अवयव सांभाळताना माणूस नकळत चाल बदलतो आणि भार दुसरीकडे सरकतो. कमरेतून निघणाऱ्या नसाच मांडीच्या मागे आणि पोटरीकडे जातात, त्यामुळे कमरेची जुनी कुरबूर खाली पायांत उमटू शकते. आणि पोटरीच्या दुखापती तिशीनंतर तशाही वाढतात. २०१२ मध्ये वॉटसन एकतीस वर्षांचा होता.

## "मग सरळ गोलंदाजी सोडायची!"

सोडून पाहिली. २०१३ च्या सुरुवातीला त्यानं जाहीर केलं की काही काळ आपण नुसते फलंदाज म्हणून खेळणार. त्याच वर्षीच्या भारत दौऱ्यात तो गोलंदाजीशिवाय खेळला आणि त्याच्या धावाही झाल्या नाहीत. (त्या दौऱ्यात दिल्लीच्या कसोटीत कर्णधार मायकल क्लार्कची पाठ धरली आणि नेतृत्व वॉटसनकडे आलं. पाठीनं त्या संघात कुणालाच सोडलं नाही.) काही महिन्यांत तो पुन्हा गोलंदाजी करू लागला. इंग्लंडमध्ये ओव्हलला १७६ धावा काढल्या, ती त्याची कसोटीतली सर्वोच्च खेळी.

संघ त्याला गोलंदाजी का सोडू देत नव्हता, हे समजायला कसोटीतली पाचव्या गोलंदाजाची किंमत पाहावी लागते. चार मुख्य गोलंदाज असतील आणि दिवसाला नव्वद षटकं टाकायची असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला बावीस-तेवीस येतात. वॉटसननं पंधरा टाकली की त्या चौघांचा भार अठरा-एकोणिसावर येतो. म्हणजे तो नुसते बळी घेत नव्हता, इतर वेगवान गोलंदाजांच्या पाठीही वाचवत होता. त्याची किंमत स्वतःच्या पाठीनं मोजत होता.

मी त्याच्या कसोटी आकड्यांकडे म्हणून जरा सहानुभूतीनं पाहतो. साडेदहा वर्षांत ५९ कसोटी, ३,७३१ धावा, सरासरी ३५, ७५ बळी. शतकं चार आणि अर्धशतकं चोवीस. नुसता फलंदाज म्हणून हे मोठे आकडे नाहीत, आणि पन्नाशीचं शतक करता न येणं हा त्याचा खरा दोष होता, तो दुखापतींच्या नावावर टाकता येणार नाही. पण या आकड्यांच्या आड इतरांच्या खांद्यावरून उतरलेली शेकडो षटकं आहेत. ती धावफलकात दिसत नाहीत.

## "कपिलदेवला कधी काही झालं नाही"

हा आक्षेप आपल्याकडे हटकून येतो. कपिलदेव १३१ कसोटी खेळला, ४३४ बळी आणि ५,२४८ धावा, आणि दुखापतीमुळे त्याची एकही कसोटी हुकली नाही. दक्षिण आफ्रिकेचा अष्टपैलू जॅक कॅलिस १६६ कसोटी खेळला. मग वॉटसनच का?

एक तर टिकलेलेच आपल्याला दिसतात. ज्यांची पाठ एकोणिसाव्या वर्षी गेली ते आपल्या आठवणीतच नाहीत, कारण ते आपल्यापर्यंत पोहोचलेच नाहीत. जुन्या वाड्याच्या भिंती पाहून 'पूर्वीची बांधकामं मजबूत होती' म्हणताना पडलेले वाडे आपण मोजत नाही, तशातलाच हा प्रकार. दुसरं, जुन्या काळीही पाठी मोडत होत्या. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज डेनिस लिली याची १९७३ मध्ये वेस्ट इंडिज दौऱ्यावर अशीच मोडली होती, आणि तो परतला तो शैलीत बदल करून, मेहनतीनं. तिसरं, कपिलची ती सहज, साइड-ऑन, लयीतली धाव आणि उडी ही निसर्गाची देणगी होती. ती इतरांकडून कर्तव्य म्हणून मागता येत नाही.

## "देशासाठी जखमी, आयपीएलसाठी तंदुरुस्त?"

हा आरोप कडवट आहे आणि अन्यायाचा आहे. आयपीएलचे साखळीतले चौदा सामने धरले तर गोलंदाज जास्तीत जास्त ५६ षटकं टाकतो, तीही दीड-दोन महिन्यांत. कसोटीत मुख्य वेगवान गोलंदाज पाच दिवसांत चाळीस टाकून मोकळा होतो. जे शरीर पहिलं काम निभावतं ते दुसऱ्याला पुरं पडेलच असं नाही, आणि यात लबाडी कुठेच नाही.

वॉटसनचे टी-ट्वेंटीतले आकडे हेच सांगतात. २०१२ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात, म्हणजे पायांनी सर्वांत जास्त छळलं त्याच वर्षी, तो स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू होता: २४९ धावा, ११ बळी. सप्टेंबर २०१५ मध्ये इंग्लंडमध्ये पोटरी पुन्हा गेली तेव्हा त्यानं कसोटीतून निवृत्ती घेतली. मार्च २०१६ मध्ये मोहालीला भारताविरुद्ध शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना खेळला.

आणि मग तो आयपीएलचे पाच मोसम खेळला. २० एप्रिल २०१८ ला गहुंज्याच्या मैदानावर त्यानं चेन्नईकडून ५७ चेंडूंत १०६ धावा केल्या. त्याच वर्षी २७ मे रोजी वानखेडेवर अंतिम सामना. पहिले दहा चेंडू एकही धाव नाही, आणि शेवटी ५७ चेंडूंत नाबाद ११७. पुढच्या वर्षी हैदराबादेत मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात गुडघ्यातून रक्त येऊन पँट भिजली तरी तो ८० पर्यंत खेळला, शेवटच्या षटकात धावबाद झाला, चेन्नई एका धावेनं हरली. गुडघ्याला टाके पडले. या दोन्ही अंतिम सामन्यांत त्यानं एकही चेंडू टाकला नव्हता. २०२० मध्ये थांबला तेव्हा तो एकोणचाळीस वर्षांचा होता. नाजूक माणूस एकोणचाळीसपर्यंत सलामीला खेळत नाही.

## ग्रीनच्या पाठीतले स्क्रू काय करतात?

आता पुन्हा ग्रीनकडे. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला त्याची शस्त्रक्रिया झाली. पुन्हा पुन्हा तडकणारी पट्टी स्क्रू आणि टायटॅनियमच्या तारेनं आवळून धरायची, म्हणजे तडा हलत नाही आणि हाड निवांत भरून येतं, असं त्यामागचं तत्त्व. मोडलेली खुर्ची सुतार क्लॅम्पनं आवळून ठेवतो, तसंच. न्यूझीलंडचा शेन बाँड, ऑस्ट्रेलियाचे जेम्स पॅटिन्सन आणि जेसन बेहरेनडॉर्फ अशी वाट आधी चाललेले आहेत. बुमराची शस्त्रक्रियाही क्राइस्टचर्चलाच झाली.

स्क्रूंमुळे तडा धरला जातो, पण पुढचा पाय जमिनीवर आपटला की दणका पूर्वीइतकाच बसतो. म्हणून ग्रीनला परत आणताना वॉटसनकडून शिकलेला धडा वापरला गेला. जून २०२५ मध्ये लॉर्ड्सवर जागतिक कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना तो नुसता फलंदाज म्हणून खेळला, गोलंदाजी वर्षाच्या शेवटाकडे हळूहळू सुरू झाली. वॉटसनला एवढी उसंत कुणी दिली नव्हती.

## आपल्या मैदानांवर

मुंबईत चौदा-पंधरा वर्षांचा चांगला वेगवान गोलंदाज गाइल्स किंवा हॅरिस शील्ड शाळेकडून खेळतो, शिवाय क्लबकडून खेळतो, सकाळी अकादमीत नेटमध्ये टाकतो आणि रविवारी कुठली तरी स्पर्धा असते. प्रत्येक ठिकाणचा प्रशिक्षक आपापल्यापुरती षटकं मोजतो. चारही ठिकाणचे चेंडू एकत्र कुणीच मोजत नाही. ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडमध्ये वयानुसार एका स्पेलमध्ये आणि एका दिवसात किती टाकायचं याच्या मर्यादा घालून दिलेल्या आहेत. आपल्याकडे ती वही आई-बाबांनीच ठेवावी लागते. तारीख आणि टाकलेले चेंडू, नेटमधले धरून, एवढे दोन रकाने पुरतात. एखाद्या आठवड्यात आकडा एकदम दीडपट झालेला दिसला तर पुढचा आठवडा हलका ठेवायचा.

आणि मुलगा किंवा मुलगी कमरेच्या एकाच बाजूला, टाकायच्या हाताच्या उलट बाजूला, दुखतंय म्हणत असेल, पाठ मागे वाकवल्यावर ते वाढत असेल आणि आठवडाभर थांबूनही जात नसेल, तर 'स्नायू धरलाय' म्हणून तेल चोळत बसू नये. हाडांच्या डॉक्टरांना दाखवावं आणि गोलंदाजी करतो हे आवर्जून सांगावं. साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीचा तडा बहुतेक वेळा दिसत नाही. एमआरआयमध्ये हाडाची सूज तडा जाण्याआधीच दिसू शकते, आणि त्या टप्प्यावर पकडलं तर बरेचदा काही महिन्यांच्या विश्रांतीवर भागतं.